भाग सगळे कंपनीचे, तरी घड्याळ जुळवलेलं: जुनं स्पीडमास्टर कसं तपासावं

प्रश्न थोडक्यात असा: ओमेगा स्पीडमास्टर, रेफरन्स (मॉडेल क्रमांक) १०५.०१२, विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे १९६७चं. "सगळं ओरिजिनल, कधी उघडलेलंसुद्धा नाही" अशी तोंडी हमी आणि सोबत ओमेगाच्या जुन्या नोंदींचा उतारा. फोटोत डायल स्वच्छ, बेझल (काचेभोवतीची आकड्यांची कडी) काळाकुट्ट, पट्टा मात्र नंतरचा. हे खरं की जुळवलेलं, आणि किंमत काय लावायची?

"कधी उघडलेलं नाही" हे वाक्य आधी बाजूला ठेवा. इतकी वर्षं वापरलेलं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं घड्याळ, खरंच उघडलं नसेल तर तेल कधीच सुकून गेलं असणार आणि पिव्हट, म्हणजे चाकांच्या आसांची टोकं, कोरडे घासले असणार; ती काही कौतुकाची गोष्ट नाही. आणि मधल्या मालकांपैकी कोणी उघडलं की नाही, हे आजचा विक्रेता छातीठोकपणे सांगू शकत नाही.

निव्वळ नकली घड्याळ ओळखायला फार वेळ लागत नाही. डोकं खातं ते जुळवलेलं घड्याळ: प्रत्येक भाग ओमेगाचाच, पण तीन-चार घड्याळांतून गोळा केलेला. यामागचा हिशेब सरळ आहे. जुना बेझल, जुना डायल, जुना पट्टा सुटा विकला तर त्याचे भरपूर पैसे येतात. म्हणून चांगल्या घड्याळाचा बेझल काढून विकला जातो, त्या जागी सर्व्हिसचा, म्हणजे कंपनीने नंतर बनवलेला बदली बेझल बसतो. उलटंही होतं: मार खाल्लेल्या केसमध्ये सुंदर डायल बसवून अख्खं घड्याळ "कलेक्टर कंडिशन" म्हणून खपवलं जातं. त्यामुळे विक्रेत्याला "ओरिजिनल आहे का?" असं एकच विचारू नका. केस, मागचं झाकण, मशीन, डायल, काटे, बेझल, चावी (बाजूचं फिरवायचं बोंड), बटणं, पट्टा, प्रत्येकाबद्दल वेगळं विचारा: हा भाग या घड्याळासोबतच कारखान्यातून निघाला, त्याच काळातल्या दुसऱ्या घड्याळातून आला, कंपनीने नंतर सर्व्हिसमध्ये बदलला, की बाहेर बनवला किंवा रंगवला? पहिल्या तिन्ही प्रकारांना विक्रेते बिनदिक्कत "ओरिजिनल" म्हणतात. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

कागदापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त लोक तिथेच फसतात. ओमेगाचा उतारा मशीनच्या नंबरावरून काढलेला असतो. त्या नंबराचं मशीन कोणत्या मॉडेलमध्ये, कोणत्या तारखेला तयार झालं आणि कोणत्या देशात गेलं, एवढंच तो सांगतो. डायल, काटे, बेझल यांच्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. त्या काळच्या स्पीडमास्टरच्या केसवर स्वतंत्र क्रमांकही नसतो, म्हणजे मशीन आणि केस पहिल्यापासून एकत्र आहेत हेसुद्धा कागदावरून सिद्ध होत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनीव्हात फिलिप्स या लिलावगृहाच्या लिलावात सीके २९१५-१ हे पहिल्या पिढीचं स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकांच्या वर गेलं. खरेदी ओमेगाच्या स्वतःच्याच संग्रहालयासाठी होती. २०२३ मध्ये उघड झालं की ते घड्याळ वेगवेगळ्या भागांतून जुळवलेलं होतं, आणि या प्रकरणात आपल्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचं कंपनीने सांगितलं. कंपनीच्या नोंदी, कंपनीची माणसं आणि नामवंत लिलावगृह हे सगळं असूनही हे घडलं.

तरीही उतारा फेकून देऊ नका, त्याचा एक फार चांगला उपयोग आहे. १०५.०१२ मध्ये असणारं कॅलिबर ३२१ हे मशीन ओमेगाने सीमास्टर क्रोनोग्राफमध्येही वापरलं. सीमास्टर स्वस्त, स्पीडमास्टर महाग. त्यामुळे सीमास्टरमधलं मशीन काढून रिकाम्या स्पीडमास्टर केसमध्ये घालायचा मोह होतोच. उताऱ्यावर मॉडेल काय लिहिलंय ते वाचा आणि त्यावरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी मशीनवरच्या नंबराशी अंक न् अंक ताडून पाहा. १९६७च्या आसपासच्या घड्याळाचा नंबर आठ अंकी आणि साधारण २४ ते २६ दशलक्षांच्या पट्ट्यात असायला हवा. १७ किंवा १८ने सुरू होणारा नंबर या केसमध्ये दिसला तर मशीन दुसरीकडचं आहे.

आता मागचं झाकण उघडायला लावा. हे काम घड्याळजीकडून, नीट बसणाऱ्या पान्याने करून घ्या; निसटलेल्या पान्याचे ओरखडे झाकणावर कायमचे राहतात. झाकणाच्या आत रेफरन्स ठोकलेला असतो, उदाहरणार्थ १०५.०१२-६६. बाहेरच्या बाजूला समुद्री घोडा आणि स्पीडमास्टर हे नाव. चंद्रावर गेलेलं पहिलं घड्याळ असा मजकूर बाहेर कोरलेला असेल तर झाकण १९६९ नंतरचं, म्हणजे बदललेलं. हा मजकूर चांद्रमोहिमेच्या आधी असणार तरी कसा? शेवटी -६६ हा उपक्रमांक असलेल्या केसेस दोन कारखान्यांत बनल्या, सेंट्रल बॉइट आणि ह्युगेनिन फ्रेर. सेंट्रल बॉइटच्या झाकणात सीबी ही अक्षरं असतात आणि तिच्या लगांवर, म्हणजे पट्टा अडकवायच्या कानांवर, एक जास्तीचा पैलू असतो. झाकणात सीबी आणि लगांवर तो पैलू नाही, असं दिसलं तर दोन शक्यता: झाकण दुसऱ्या केसचं, किंवा पॉलिश करून पैलू उडवलेला. दोन्ही गोष्टी किंमत उतरवतात.

झाकणाखाली मशीनवर धुळीपासून आणि चुंबकत्वापासून बचाव करणारं पातळ आतलं झाकण असतं. बऱ्याच घड्याळांतून ते हरवलेलं असतं. असेल तर बरं, नसेल तर नोंद करा. ते काढल्यावर तांबूस रंगाचं मशीन दिसलं पाहिजे, ब्रिजवर ३२१ आणि १७ ज्वेल्सचा उल्लेख. क्रोनोग्राफचा ताबा कॉलम व्हीलकडे असतो: किल्ल्याच्या बुरुजासारखे उभे दात असलेलं छोटं चाक, बटण दाबलं की एकेक घर सरकतं. ते न दिसता सपाट कॅम दिसला तर ते कॅलिबर ८६१, जे १९६८ पासून १४५.०२२ मध्ये आलं. झाकण न उघडताही एक अंदाज लागतो: ३२१ तासाला १८,००० ठोके देतं, ८६१ देतं २१,६००. टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाचे ठोके ऐकून मोजणाऱ्या यंत्रावर, हा फरक लगेच कळतो.

मशीनमध्ये स्क्रूंच्या खाचा भिंगातून बघा. खाचांच्या कडा उसवलेल्या, म्हणजे चुकीच्या मापाचे पेचकस वापरणारा हात आत जाऊन आलाय. नंबराचे अंक एकसारख्या खोलीचे आणि त्याभोवतीचा मुलामा अखंड हवा. अंकांभोवती फिकट पट्टा किंवा बारीक घासल्याच्या रेघा दिसल्या तर जुना नंबर पुसून नवा टाकलाय असं समजा आणि व्यवहार तिथेच थांबवा. चावीच्या दांड्याजवळचा गंज ओल आत शिरल्याचं सांगतो. अशा वेळी डायलची खालची बाजूही खराब असण्याची शक्यता मोठी.

केसचं माप ४२ मिलिमीटर, लगांमधलं अंतर २० मिलिमीटर. लगांची वरची बाजू चकचकीत, बाजूचा भाग रेघांचा, आणि दोन्हींच्या मधली कड एका सलग वळणाने लगाच्या टोकापर्यंत गेलेली असते. नखाने त्या कडेवरून हळू फिरवा. पॉलिशच्या चाकावर गेलेल्या केसची ती कड गोल होते, टोकं बारीक होतात, चारही लग एकमेकांशी जुळेनासे होतात. चावीच्या बाजूची केस किंचित फुगीर असते. तिथे सपाटी आली असेल तर पॉलिश बरंच झालंय. हल्ली लेझर वेल्डिंगने धातू भरून कडा परत काढतात. काम उत्तम असतं, पण ती दुरुस्ती आहे आणि विकताना सांगायला हवी. ओळखण्याची खूण: कडा अगदी धारदार, पण झाकणाच्या खाचा आणि बटणांच्या टोप्या मात्र झिजलेल्या. वापर एकाच घड्याळावर असा निवडून होत नाही.

सगळ्यात जास्त वेळ डायलवर घालवा, कारण किमतीचा मोठा वाटा तिथेच आहे. १०५.०१२ वर ओमेगाचं चिन्ह धातूचं, वेगळं बसवलेलं असतं. प्रकाश तिरका टाकला की त्याची सावली पडते. छापलेलं चिन्ह पुढच्या काळातलं. 'प्रोफेशनल' हा शब्द हवाच, तो याच रेफरन्सपासून आला. डायलच्या कडेला मिनिटांच्या पट्टीपाशी पायरी असते. तळाशी 'स्विस मेड'च्या दोन्ही बाजूंना टी, म्हणजे ट्रिटियम, चमक देणारा किरणोत्सर्गी पदार्थ. दोन्ही टी नसलेला 'स्विस मेड' डायल हा अलीकडचा सर्व्हिस डायल. पण टी आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या डायलवरही ते आहेत, फक्त चिन्ह तिथे छापलेलं.

दहा पट भिंग घ्या आणि अक्षरं बघा. मूळ छपाई पॅडने केलेली असते: शाईला जाडी असते, कडा स्वच्छ, बारीक अक्षरांच्या पोटातली जागा मोकळी. पुन्हा रंगवलेल्या डायलवर एस आणि ई भरून गेलेले दिसतात, मिनिटांच्या रेघांची लांबी कमी-जास्त होते, आणि सगळ्यात खालची ओळ अनेकदा कडेखाली अर्धी कापली जाते किंवा गायबच असते. उपडायलमधली गोल वर्तुळं खोदलेली असतात; वर रंगाचा थर चढला की त्यांच्या खाचा बुजतात. डायल काढलेला असेल तर कडेला तीन किंवा नऊच्या जागी छोटी व्ही आकाराची खाच आहे का पाहा. रंगारी डायल पुन्हा त्याच स्थितीत बसवता यावा म्हणून ती पाडतो. डायलचे पाय, म्हणजे मागच्या बारीक खुंट्या, तुटून मागे चिकटपट्टीने बसवलेला डायल तर बहुतेक वेळा दुसरीकडून आलेला.

मग चमकणारा पदार्थ, म्हणजे ल्यूम. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. साठ वर्षांत सुमारे पाच अर्धायुष्यं उलटतात आणि मूळच्या बत्तिसाव्या हिश्शाइतकंच उरतं, त्यामुळे हे ल्यूम अंधारात स्वतःहून चमकणार नाही. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च दहा सेकंद मारा आणि बंद करा. जुनं ट्रिटियम ल्यूम टॉर्चखाली थोडं उजळतं आणि टॉर्च बंद होताच क्षणात विझतं, किंवा उजळतच नाही. मिनिटभर हिरवं चमकत राहिलं तर तो नव्वदच्या दशकापासूनचा नवा पदार्थ. डायल विझला आणि काटे चमकत राहिले तर काटे बदललेत. दोन्ही मेलेले असले तरी रंग आणि पोत ताडून पाहा: जुन्या ल्यूमचा दाणा खडबडीत, कुठे तडकलेला, कडेला किंचित ओघळलेला असतो. चहाच्या रंगाचं, सगळ्या ठिपक्यांवर एकसारखं, गुळगुळीत ल्यूम बहुतेक वेळा रंग मिसळून जुनं भासवलेलं असतं.

याच्या आधीच्या, पन्नाशीच्या दशकातल्या घड्याळांत ट्रिटियम नाही, रेडियम असतं. त्याचं अर्धायुष्य १,६०० वर्षं. चमक गेलेली असते ती रेडियम संपलं म्हणून नाही, तर त्यात मिसळलेलं, प्रत्यक्ष चमकणारं झिंक सल्फाइड जळून गेल्यामुळे. अशा घड्याळाजवळ गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र, काचेवरूनही वाजतो. ट्रिटियमचे बीटा कण इतके दुबळे असतात की काच ओलांडत नाहीत. त्यामुळे १९६७चं म्हणून दाखवलेलं घड्याळ काउंटर वाजवत असेल तर डायल किंवा काटे कुठून आले ते विचारा. रेडियमचा डायल मात्र घरी उघडून खरवडू नका, ती धूळ श्वासात जाणं धोक्याचं आहे.

आता तुमचा तो काळाकुट्ट बेझल. १९७०च्या सुमारापर्यंतच्या बेझलवर ९० या आकड्याचा ठिपका आकड्याच्या वर असतो, नंतर तो बाजूला गेला. ७०चा ठिपकाही जुन्यात तिरका, आणि बेझलवरच्या टॅकीमेत्र (वेग मोजायची पट्टी) शब्दातल्या ई वर तिरकी खूण. एवढं बघून बरेच जण थांबतात. पण २०२१ पासूनच्या नव्या स्पीडमास्टरवर ओमेगाने ठिपक्यांची हीच रचना परत आणली आहे, आणि जुन्या बेझलच्या नकलाही भरपूर आहेत. म्हणून वय बघा. बेझलमधली काळी चकती, म्हणजे इन्सर्ट, अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमचं असतं. ऊन-पाण्याने ते राखाडी किंवा निळसर होतं, कडेला चांदीसारखे टवके जातात. लग झिजलेले, काच ओरखडलेली आणि बेझल मात्र कोरा, हे जुळत नाही. फोटोत बेझल काळाकुट्ट दिसतोय, तर तुमच्या घड्याळात संशयाची पहिली जागा हीच.

काचेचं लवकर उरकू. ती प्लास्टिकची, म्हणजे हेझलाइट. मधोमध आत अगदी बारीक ओमेगाचं चिन्ह भिंगातून दिसतं. बदललेली असली तरी चालतं, तो झिजणारा भाग आहे. चावी आणि बटणंही सर्व्हिसमध्ये बदलतात. थोडे पैसे कमी करा आणि पुढे चला. पट्ट्याचं वेगळं: त्या काळचा योग्य पट्टा १०३९, टोकाचे तुकडे ५१६, आणि कडीवर तिमाही व वर्ष ठोकलेलं, जसं ३/६७. तुमचा पट्टा नंतरचा आहे, त्यामुळे घड्याळाची किंमत पट्ट्याशिवायच लावा.

चालवून बघताना पूर्ण चावी द्या आणि डायल वर ठेवून टाइमग्राफर लावा. त्या कॅलिबरचा लिफ्ट अँगल (प्रत्येक मशीनचा ठरलेला कोन) आधी यंत्रात भरा, नाहीतर अॅम्प्लिट्यूडचा, म्हणजे बॅलन्स चाक किती अंश झुलतं त्याचा आकडा चुकीचा येतो. नीट सर्व्हिस झालेल्या मशीनचं अॅम्प्लिट्यूड या स्थितीत २७०च्या आसपास, उभ्या स्थितीत ३०-४० अंशांनी कमी. २२०च्या खाली असेल तर सर्व्हिस लागणार. बीट एरर, म्हणजे टिक आणि टॉक यांच्या वेळांतला फरक, एक मिलिसेकंदाच्या आत हवा. मग क्रोनोग्राफ चालू करा. अॅम्प्लिट्यूड थोडं पडणारच, पण घड्याळ थांबायला आलं तर चाकांचा मेळ चुकलाय किंवा तेल सुकलंय. सेकंदकाटा सुरू होताना मोठी उडी घेत असेल तर दातांची पकड जास्त किंवा कमी आहे. शून्यावर आणताना तो एक-दोन घरं बाजूला थांबत असेल तर काट्याची नळी सैल आहे. नळी पुन्हा दाबताना काट्याचा रंग उडू शकतो. तीस मिनिटांच्या उपडायलचा काटा साठाव्या सेकंदाला घर बदलतो की रेंगाळतो तेही पाहा. या सगळ्याची दुरुस्ती होते, पण कॉलम व्हीलच्या क्रोनोग्राफची पूर्ण सर्व्हिस स्वस्त नसते, आणि ती रक्कम किमतीतून वजा झालीच पाहिजे.

किमतीकडे येऊ. विक्रेत्यांनी लावलेले भाव म्हणजे त्यांच्या अपेक्षा. प्रत्यक्ष विकलेल्या घड्याळांचे आकडे शोधा. त्याच रेफरन्सचे, शक्यतो त्याच उपक्रमांकाचे पाच-सहा निकाल, गेल्या वर्ष-दीड वर्षातले. २०२२च्या सुरुवातीला बाजार शिखरावर होता, तेव्हाचे आकडे आज धरू नका. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा काढून टाका. अमेरिकन नट पॉल न्यूमनचं स्वतःचं रोलेक्स ६२३९ ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कला १ कोटी ७७ लाख डॉलरांच्या वर गेलं. ती किंमत मालकाची होती, बाकीच्या ६२३९ना त्या आकड्याने मोजायचं नसतं. लिलावाच्या आकड्यात खरेदीदाराचं प्रीमियम, म्हणजे त्याने लिलावगृहाला द्यायची वरची रक्कम, धरलंय का तेही बघा. हातोडा १०० वर पडला आणि प्रीमियम २५ टक्के असेल तर घेणारा १२५ देतो. विकणाऱ्याचं कमिशन १० टक्के असेल तर त्याच्या हातात ९० पडतात. खाजगी व्यवहाराला योग्य जागा या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असते.

मग वजाबाकी. माझा ढोबळ हिशेब असा, आणि तो ढोबळच समजा: सगळं जुळणारं, पॉलिश न झालेलं घड्याळ १०० धरलं तर सर्व्हिसचे काटे ५ खातात, सर्व्हिसचा बेझल १० ते १५, जोरदार पॉलिश १५ ते २५, सर्व्हिस डायल ३० ते ४०. रंगवलेला डायल असेल तर टक्क्यांत मोजू नका. घड्याळाला सुट्या भागांची किंमत लावा: केस इतकी, मशीन इतकं, बाकी काही नाही. डायलचं नुकसान बेझलपेक्षा वेगळं का? बेझल पैसे मोजून परत आणता येतो आणि बसवल्यावर तो काळाशी जुळतो. डायल बदलला की तो घड्याळाचा राहत नाही, आणि पुढचा जाणकार खरेदीदार नेमकं तेच विचारणार आहे. डायलवर ठिपके, थोडं ल्यूम उडालेलं, असं मूळ घड्याळ मी नव्याकोऱ्या सर्व्हिस डायलच्या घड्याळापेक्षा वर धरतो.

बाकी कंपन्यांच्या बाबतीत पद्धत हीच, पुरावे वेगळे. रोलेक्सचा रेफरन्स लगांच्या मध्ये बाराच्या बाजूला, सीरियल सहाच्या बाजूला. पट्टा काढल्याशिवाय ते दिसत नाहीत, त्यामुळे "पट्टा काढता येत नाही" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. पाटेक फिलिपच्या उताऱ्यात मशीन आणि केस दोन्हींचे नंबर असतात, त्यामुळे तो ओमेगाच्या उताऱ्यापेक्षा जास्त काही सांगतो. पाटेकच्या जुन्या डायलवरची अक्षरं कोरून त्यात इनॅमल भरून भाजलेली असतात. ती सपाट, छापलेली दिसली तर डायलवर काम झालंय. सोन्यापेक्षा स्टील महाग पडू शकतं हेही याच घराण्यात दिसतं: पाटेक १५१८ स्टीलमध्ये चारच माहीत आहेत, आणि त्यातलं एक २०१६ मध्ये जिनीव्हात १ कोटी १० लाख फ्रँकांना गेलं.

तुमच्या विक्रेत्याकडून आता एवढं मागा: डायलचा समोरून आणि तिरक्या प्रकाशात एकेक फोटो, चारही लग बाजूने, झाकणाची आतली बाजू, मशीनचा नंबर वाचता येईल असा फोटो, टॉर्च बंद केल्यानंतरचे तीस सेकंद दाखवणारा व्हिडिओ आणि टाइमग्राफरचा पडदा. पावतीवर "ओरिजिनल" एवढंच नको. कोणता भाग मूळचा आणि कोणता बदललेला याची यादी हवी, आणि तुमच्या पसंतीच्या घड्याळजीने उघडून पाहिल्यावर परत करता येईल ही अट लेखी हवी. घेतलंच तर सर्व्हिसला देताना चिठ्ठीवर लिहून द्या: केसला पॉलिश नको, डायल आणि काट्यांना हात नको, नवं ल्यूम नको, आणि बदललेला प्रत्येक जुना भाग पुडीत घालून परत.